भुलीची खोली मोजताना नेमकं काय मोजलं? ईईजीच्या इतिहासातला एक धडा

ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेला माणूस खरोखर बेशुद्ध आहे हे भूलतज्ज्ञाला कसं कळतं?

प्रश्न अगदी साधा वाटतो. हाक मारली, ओ आली नाही, म्हणजे बेशुद्ध. पण जरा थांबून विचार करा. ओ न येण्याची दोन कारणं असू शकतात. एक तर हाक पोचलीच नाही. किंवा हाक पोचली, कळली, पण जीभ आणि हात हलवता आले नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. बरं, दुसऱ्या दिवशी रुग्णाला विचारावं की "काही आठवतंय का?", तर "नाही" या उत्तराचेही दोन अर्थ निघतात. तो तेव्हा बेशुद्ध होता, किंवा शुद्धीवर होता पण आठवण साठलीच नाही.

म्हणजे जी गोष्ट मोजायची आहे ती थेट दिसत नाही. दिसतात त्या तिच्या खुणा. आणि गेली पावणेदोनशे वर्षं या क्षेत्रातले लोक खुणा बदलत आलेले आहेत. माझं काम ईईजीच्या सिग्नलवर आहे, त्यामुळे हा इतिहास मला वाचावाच लागला. पण तुमचा विषय मातीचा असो, माशांचा असो किंवा मशीन लर्निंगचा, सिनॉप्सिस लिहायच्या आधी ही गोष्ट वाचलीत तर उपयोग होईल असं मला वाटतं. कारण "मला जे मोजायचं आहे" आणि "मला जे मोजता येतंय" यांतला फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण सापडणं कठीण आहे.

लहरींच्या आधी

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन रुग्णाला गुंगवलं आणि शल्यविशारद जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. हा प्रसंग तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल. त्यानंतरचा प्रसंग कमी सांगितला जातो. दुसऱ्याच वर्षी, १८४७ मध्ये, लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ईथरवर एक पुस्तक लिहिलं आणि गुंगीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. (हो, तेच जॉन स्नो, ज्यांनी पुढे कॉलऱ्याचा संबंध पाण्याच्या पंपाशी जोडला.) रुग्ण काय बोलतो, डोळे कसे फिरतात, श्वास कसा चालतो, यावरून तो कोणत्या पायरीवर आहे हे ठरवायचं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी डॉक्टर आर्थर गुडेल फ्रान्समध्ये होते. भूल देणारी प्रशिक्षित माणसं कमी आणि जखमी सैनिक भरपूर, अशी स्थिती. त्यांनी ईथरच्या खुणांचा एक तक्ता तयार केला. श्वास, बुबुळांची हालचाल, बाहुलीचा आकार, प्रतिक्षिप्त क्रिया. भुलीचे चार टप्पे आणि तिसऱ्या टप्प्याचे पुन्हा चार थर. हा तक्ता इतका उपयोगी होता की कित्येक दशकं तो पाठ्यपुस्तकात राहिला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. "भुलीची खोली" हा शब्दप्रयोग इथूनच रुळला. जणू रुग्ण विहिरीच्या पायऱ्या उतरतोय आणि आपण फक्त कितवी पायरी ते मोजायचं. ही कल्पना ईथरसाठी बरीचशी चालली, कारण ईथर हळू चढतं आणि सगळ्या खुणा एका ठरावीक क्रमाने बदलतात. पण ती ईथरची खासियत होती की बेशुद्धीची, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. पडायचं कारणही नव्हतं.

जेना ते बोस्टन

मेंदूत वीज असते हे माणसावर कळण्याआधी प्राण्यांवर कळलं. १८७५ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवरून विद्युतप्रवाह नोंदवले. माणसाच्या बाबतीत हे काम जर्मनीतल्या जेना शहरातल्या हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाने केलं. पहिली नोंद १९२४ ची, पण निबंध छापला १९२९ मध्ये. मधली पाच वर्षं हा माणूस स्वतःलाच विचारत होता, की हे खरंच मेंदूतून येतंय की हृदयाच्या ठोक्यातून, रक्तवाहिन्यांतून, त्वचेतून, स्नायूंतून? सिग्नल होता मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. शंका घेणं रास्तच होतं. स्नायूंबद्दलची ही शंका लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सेकंदाला साधारण दहा वेळा वरखाली होणारी लहर बेर्गरना दिसली. तिला त्यांनी अल्फा म्हटलं. डोळे उघडले की ती विरते. ईईजी हे नावही त्यांच्याच शब्दावरून आलं. बऱ्याच शास्त्रज्ञांनी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग पुन्हा करून दाखवला, तेव्हा कुठे मान्यता मिळाली. क्लोरोफॉर्मने ही लहर बदलते हे बेर्गर यांनी त्याआधीच नोंदवलं होतं.

मग गाडीने वेग घेतला. १९३५ मध्ये अल्बर्ट ग्रास या तरुण इंजिनिअरने बोस्टनमध्ये फ्रेडरिक गिब्ज यांच्यासाठी तीन वाहिन्यांचं ईईजी यंत्र बांधलं. १९३६ मध्ये हार्वर्डच्या अलेक्झांडर फोर्ब्ज यांच्या गटाने मांजरांना जास्त भूल दिल्यावर एक विचित्र नमुना दिसतो हे छापलं. काही क्षण उंच लहरींचा झटका, मग सपाट रेघ, पुन्हा झटका. याला आपण आज बर्स्ट सप्रेशन म्हणतो. आणि १९३७ मध्ये फ्रेडरिक गिब्ज, एर्ना गिब्ज आणि विल्यम लेनॉक्स यांनी वेगवेगळ्या औषधांनी ईईजी कसा बदलतो हे दाखवून सुचवलं की भुलीची खोली मोजायला याचा वापर करता येईल.

म्हणजे बेर्गरच्या निबंधानंतर जेमतेम आठ वर्षांत कल्पना तयार होती. मग ऑपरेशन थिएटरमध्ये ती यायला पुढची साठ वर्षं का लागली?

एक कारण व्यावहारिक. ईथर, क्लोरोफॉर्म असताना गुडेलचा तक्ता फुकट होता आणि बरा चालत होता. गुंतागुंतीचं यंत्र, डोक्यावर तारा, कागदाचे ढीग कोण आणणार? गरज निर्माण व्हायची होती. ती लवकरच झाली.

स्नायू गप्प झाले

२३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि त्यांची सहकारी एनिड जॉन्सन यांनी ऑपरेशनदरम्यान रुग्णाला क्युरारे दिलं. दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी बाणाच्या टोकाला लावत तेच विष, शुद्ध केलेलं. त्याने स्नायू पूर्ण सैल पडतात. शल्यविशारदाला पोट उघडणं सोपं होतं आणि भुलीचं औषध कमी लागतं. फायदा मोठा होता आणि काही वर्षांत ही पद्धत जगभर पसरली.

पण गुडेलच्या तक्त्याचं काय झालं बघा. तक्त्यातल्या बहुतेक खुणा स्नायूंच्या होत्या. श्वासाची पद्धत, बुबुळांची हालचाल, हातपाय हलणं. स्नायूच लुळे पडल्यावर या खुणा काय सांगणार? भूल खोल असली तरी रुग्ण निश्चल, आणि भूल अजिबात नसली तरी रुग्ण निश्चल.

त्या काळी काही जणांना वाटत होतं की क्युरारे मेंदूलाही गुंगवतं. हे तपासायला अमेरिकेतल्या युटामध्ये स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून घेतला. शरीराचा एकही स्नायू हलू नये इतकं क्युरारे टोचून घेतलं, श्वास सहकाऱ्यांनी चालू ठेवला आणि डोक्यावर ईईजीचे इलेक्ट्रोड लावले. १९४७ मध्ये निबंध छापून आला. स्मिथ पूर्ण वेळ शुद्धीवर होते, सगळं ऐकत होते, नंतर सगळं सांगू शकले. आणि ईईजी? तो जाग्या, निरोगी माणसाचाच होता.

हा प्रयोग मला या साऱ्या इतिहासाचा कणा वाटतो. शरीराकडे बघून माणूस मेल्यासारखा, लहरींकडे बघून टक्क जागा. बाहेरच्या खुणा फसल्या, लहरी फसल्या नाहीत.

यात काय पणाला लागलेलं आहे हे वेगळं सांगायला नको. ज्या रुग्णाला स्नायू सैल करणारं औषध पोचलं पण भुलीचं पुरेसं पोचलं नाही, तो सुरी जाणवत असताना ओरडू शकत नाही. असे रुग्ण झाले आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांना पुढे वर्षानुवर्षं त्याचा मानसिक त्रास झाला आहे. सर्वसाधारण भुलीत नंतर आठवण राहील अशी जाग येण्याचं प्रमाण, रुग्णांना मुद्दाम विचारणाऱ्या अभ्यासांत, हजारी एक-दोन इतकं सापडलं आहे. टक्केवारीत किरकोळ वाटेल, पण जगात दरवर्षी कोट्यवधी ऑपरेशन होतात.

मोजलं एक, निघालं दुसरं

ईईजी थिएटरमध्ये येईपर्यंत भूलतज्ज्ञांनी दुसरी वाट काढली. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात एडमंड ईगर आणि सहकाऱ्यांनी मॅक नावाचं परिमाण आणलं. त्वचेवर छेद दिल्यावर निम्मे रुग्ण हलणार नाहीत, इतकं भुलीच्या वायूचं फुप्फुसातलं प्रमाण म्हणजे एक मॅक. कल्पना सुंदर आहे. वेगवेगळ्या वायूंची ताकद एकाच मापाने तोलता येते आणि प्रमाण श्वासातून मोजता येतं. आजही रोज वापरलं जातं.

मॅक वाढलं म्हणजे मेंदू जास्त झोपला, असं गृहीत धरलं गेलं. १९९३ मध्ये आयरा रॅम्पिल आणि सहकाऱ्यांनी उंदरांचा पुढचा मेंदू काढून टाकून मॅक मोजलं. ते बदललंच नाही! त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने बकऱ्यांवर वेगळ्या पद्धतीने याच दिशेचा निष्कर्ष काढला. छेद दिल्यावर अंग न हलणं हे मुख्यतः मज्जारज्जूचं काम आहे. म्हणजे तीस वर्षं जे माप "भुलीची ताकद" म्हणून वापरात होतं, ते बऱ्याच अंशी पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंचं माप होतं.

मॅक चुकीचं नव्हतं हं, हे नीट समजून घ्या. मॅकची व्याख्या स्पष्ट होती आणि आकडे बरोबर होते. चुकीचा होता तो आपण मनातल्या मनात त्याला चिकटवलेला अर्थ.

कागदाच्या गठ्ठ्यातून एक आकडा

इकडे ईईजीवाले गप्प बसले नव्हते. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रेजिनाल्ड बिकफर्ड, अल्बर्ट फॉल्कनर आणि सहकाऱ्यांनी ईथरच्या ऑपरेशनमधले ईईजी वाचून सात पायऱ्या ठरवल्या. आधी वेगवान बारीक लहरी, मग उंच आणि संथ, मग बर्स्ट सप्रेशन, शेवटी जवळजवळ सपाट रेघ. पुन्हा पायऱ्याच. गुडेलचा तक्ता गेला पण विहीर कायम राहिली.

बिकफर्ड तर एक पाऊल पुढे गेले. त्यांनी ईईजीवरून औषध आपोआप देणारं यंत्र बनवलं. मेंदूतून येणाऱ्या विजेची बेरीज होत राहायची, ठरावीक बेरीज भरली की सिरिंज थोडी पुढे सरकायची. मेंदू शांत झाला की बेरीज हळू भरणार आणि औषधही हळू जाणार. १९५० साली हे केलं, म्हणजे थिएटरमध्ये संगणक असण्याच्या किती आधी! पण यात एक गृहीतक दडलेलं होतं, की एकूण ऊर्जा कमी म्हणजे भूल खोल. प्रत्यक्षात भूल चढताना ऊर्जा आधी वाढते आणि मग कमी होते. म्हणजे ऊर्जेचा तोच आकडा वाटेत दोनदा भेटतो. हलक्या भुलीत एकदा, खोल भुलीत एकदा.

मोठा बदल झाला तो गणितामुळे. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी फूरिए रूपांतर झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली. आता लहरींच्या गुंत्यातून कोणत्या वारंवारतेची किती ताकद आहे हे संगणक चटकन काढून देऊ लागला. एकामागून एक काढलेले हे आलेख डोंगररांगांसारखे मांडून दाखवण्याची पद्धतही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बिकफर्ड यांच्याच गटाने लोकप्रिय केली. पण थिएटरमधल्या डॉक्टरला डोंगररांगा वाचायला वेळ नव्हता. त्याला हवा होता नाडीसारखा एक आकडा.

तो मिळाला १९९६ मध्ये, जेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅस्पेक्ट मेडिकल सिस्टिम्स या कंपनीच्या बायस्पेक्ट्रल इंडेक्स म्हणजे बीआयएस यंत्राला मान्यता दिली. कपाळावर एक पट्टी लावायची, पडद्यावर शून्य ते शंभरमधला आकडा. शंभरच्या जवळ म्हणजे जागा, ४० ते ६० म्हणजे ऑपरेशनजोगी भूल, शून्य म्हणजे सपाट रेघ. भूल दिलेल्या रुग्णांच्या नोंदींच्या मोठ्या साठ्यावरून हे सूत्र जुळवलेलं होतं. त्यात सपाट रेघेचं प्रमाण होतं, लहरी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत त्याचं माप होतं, आणि ३० ते ४७ हर्ट्झच्या ताकदीचं ११ ते २० हर्ट्झच्या ताकदीशी गुणोत्तर होतं. पूर्ण सूत्र मात्र कंपनीने उघड केलं नाही.

आकड्याची परीक्षा

ते ३० ते ४७ हर्ट्झ बघितलंत? कपाळाच्या स्नायूंची वीजही याच पट्ट्यात येते. बेर्गरना सतावणारी शंका इथे परत आली.

२००३ मध्ये जर्मनीत मेसनर आणि सहकाऱ्यांनी तीन जाग्या स्वयंसेवकांना फक्त स्नायू सैल करणारं औषध दिलं. भुलीचं औषध शून्य. माणसं शुद्धीवर होती आणि बीआयएसचा आकडा घसरत गेला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात दहा जाग्या स्वयंसेवकांवर असाच प्रयोग झाला आणि काहींचा आकडा ६० च्या खाली, म्हणजे "ऑपरेशनला हरकत नाही" या पट्ट्यात गेला.

आता १९४७ चा स्मिथ यांचा प्रयोग आठवा. परिस्थिती तीच, जागा पण लुळा माणूस. तेव्हा कागदावरच्या लहरी डोळ्यांनी वाचल्या आणि उत्तर बरोबर आलं. छप्पन्न वर्षांनी त्याच लहरी सूत्रातून काढल्या आणि उत्तर चुकलं. माहिती सिग्नलमध्ये होतीच. एका आकड्यात कोंबताना ती हरवली, आणि तिच्या जागी स्नायूंची माहिती नकळत आत शिरली.

शिवाय औषधागणिक घोळ. नायट्रस ऑक्साइडने आकडा फारसा हलत नाही. केटामिन दिलं की रुग्ण गुंगतो पण लहरी वेगवान होतात आणि आकडा वरसुद्धा जातो.

पण म्हणून यंत्र टाकाऊ ठरवण्याची घाई करू नका. २००४ चा बी-अवेअर अभ्यास बघा. जाग येण्याचा धोका जास्त असलेले २४६३ रुग्ण. बीआयएस वापरलेल्या गटात जाग आली २ जणांना, नेहमीच्या पद्धतीत ११ जणांना. फायदा उघड आहे. मग २०११ चा बॅग-रिकॉल अभ्यास बघा. सहा हजारांवर रुग्ण. इथे तुलनेतल्या दुसऱ्या गटात श्वासातलं भुलीच्या वायूचं प्रमाण कमी झालं की इशारा मिळायचा. निश्चित जाग बीआयएस गटात ७ जणांना, दुसऱ्या गटात २ जणांना. बीआयएस सरस ठरलं नाही.

दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत आणि दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. फरक आहे तो तुलना कशाशी केली यात. पेपर वाचताना "काय सापडलं" याच्या आधी "कशाच्या तुलनेत" हे बघायची सवय लावून घ्या.

पुन्हा लहरींकडे

गेल्या पंधरा-वीस वर्षांत काही गटांनी आकडा बाजूला ठेवून मूळ लहरींकडे पुन्हा बघायला सुरुवात केली. त्यातला एक महत्त्वाचा गट बोस्टनच्या त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला, पॅट्रिक पर्डन आणि एमरी ब्राउन यांचा. २०१३ मध्ये त्यांनी दहा निरोगी स्वयंसेवकांना प्रोपोफॉल अतिशय हळूहळू वाढवत दिलं. कानात सतत आवाज आणि शब्द ऐकवले जात होते आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. म्हणजे प्रतिसाद नेमका केव्हा थांबला आणि केव्हा परत आला हे लहरींच्या शेजारी ठेवून पाहता आलं.

काय दिसलं? शुद्ध हरपताना सेकंदाला एकाहून कमी वेळा उठणाऱ्या अतिसंथ लहरी मोठ्या झाल्या. त्याच वेळी अल्फा लहर डोक्याच्या मागच्या भागातून विरली आणि कपाळाच्या बाजूला उमटली. (अल्फाचं हे पुढे सरकणं १९७७ मध्येच मेयो क्लिनिकच्या टिंकर आणि सहकाऱ्यांनी माकडांत नोंदवलं होतं. जुने पेपर वाचा हो.) शिवाय या दोन लहरींचं आपसातलं नातं बदलत गेलं. शुद्ध जाता-येताना संथ लहर खाली असताना अल्फा मोठी व्हायची, खोल भुलीत संथ लहर वर असताना.

यामागची यंत्रणाही बरीचशी उलगडली आहे. प्रोपोफॉल गाबा या मेंदूला आवर घालणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतं. त्यामुळे थॅलॅमस आणि मेंदूचा बाहेरचा थर एकाच ठेक्यात अडकतात, असं प्रतिरूप सांगतं. एपिलेप्सीच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांवर लॉरा लुइस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की अतिसंथ लहरी सुरू झाल्या की पेशी थोड्या थोड्या वेळापुरत्याच बोलतात, आणि वेगवेगळ्या भागांच्या बोलण्याच्या वेळा जुळत नाहीत. सगळे बोलतायत, पण एकमेकांचं कुणालाच ऐकू जात नाही. केटामिन गाबावर नाही तर मुख्यतः एनएमडीए या वेगळ्या ग्राहीवर काम करतं, म्हणून त्याच्या लहरी वेगळ्या. म्हणजे सगळ्या भुलींची एकच विहीर नाही. प्रत्येक औषधाची वाट वेगळी आहे आणि ती वयानुसारही बदलते. उतारवयात प्रोपोफॉलची ती अल्फा लहर बारीक होते.

मग झालं का, कोडं सुटलं? नाही. १९७७ मध्ये टन्स्टॉल यांनी एक साधी युक्ती वापरली होती. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही आणि तो हात हलू शकतो. मग भुलीत रुग्णाला सांगायचं, "शुद्धीवर असाल तर हात दाबा." २०१७ मध्ये छापलेल्या, अनेक देशांतल्या एका अभ्यासात २६० रुग्णांपैकी ४.६ टक्के रुग्णांनी असा हात दाबला. आणि त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की कपाळावर अल्फा आणि संथ लहरींचा तो "खात्रीचा" नमुना असतानाही काही रुग्ण सांगितल्याप्रमाणे हात दाबू शकतात.

बर्स्ट सप्रेशनचीही तीच कथा. ऑपरेशनमध्ये तो जास्त दिसला तर वृद्ध रुग्णांना नंतर भ्रम होण्याचं प्रमाण जास्त, असं निरीक्षण होतं. मग तो कमी केला तर भ्रम कमी होईल? २०१९ च्या एंगेजेस अभ्यासात १२३२ रुग्णांपैकी एका गटाला ईईजी बघून औषध कमी ठेवलं. भ्रम झाला २६ टक्क्यांना, नेहमीच्या गटात २३ टक्क्यांना. खूण कमी झाली, आजार कमी झाला नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता तुमच्याकडे येऊ. तुमच्या प्रस्तावात कुठेतरी एक मोजमाप असणार. एखादा निर्देशांक, स्कोअर, प्रश्नावलीची बेरीज, मॉडेलची अचूकता. मार्गदर्शकासमोर जाण्याआधी त्या मोजमापाला तीन प्रश्न विचारा.

एक, जे मला जाणून घ्यायचं आहे ते न बदलता हा आकडा बदलू शकतो का? (जागा माणूस, सैल कपाळ.)

दोन, जे जाणून घ्यायचं आहे ते बदललं तरी हा आकडा तसाच राहू शकतो का? (पुढचा मेंदू काढला, मॅक तेवढंच.)

तीन, हे माप ज्या परिस्थितीत तयार झालं तिच्याबाहेर मी ते वापरतोय का? (ईथरच्या पायऱ्या, केटामिनचा रुग्ण.)

उत्तर "हो" आलं म्हणून विषय सोडायची गरज नाही. ते "हो" तुमच्या मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिहा, आणि जमलं तर तेवढंच तपासणारा एक छोटा प्रयोग आराखड्यात घाला. मेसनर यांच्या अभ्यासात फक्त तीन माणसं होती, तरी तो आजही उद्धृत होतो.

आणि हाताने करून बघायचं असेल तर सोलच्या विद्यापीठ रुग्णालयाचा व्हायटल-डीबी हा डेटा सगळ्यांना खुला आहे. सहा हजारांहून जास्त ऑपरेशनच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदींत बीआयएसच्या आकड्याबरोबर मूळ ईईजीही आहे. पायथॉन येत असेल तर एक नोंद उतरवून घ्या, वर आकड्याचा आलेख काढा आणि खाली त्याच वेळेचा स्पेक्ट्रोग्राम. प्रोपोफॉल दिलेली नोंद निवडलीत तर भूल चढताना १० हर्ट्झच्या आसपास एक पट्टा उजळताना दिसेल. आकडा ४५ वर स्थिर असताना खालच्या चित्रात काय काय बदलतंय त्याची यादी करा आणि मला कळवा.